विवाहाधिकाराचा विस्तार : समलिंगी विवाहाच्या पुरस्कर्त्यांची भूमिका व तिची पूर्वपीठिका

१. विषयप्रवेश

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहें व समोरच्या तीरावर अष्टमी अशीं हीं दोन गांवें असून नगरपरिषदेच्या नांवांत तीं जोडलीं गेलीं आहेत. या गांवांच्या परिसराशीं, म्हणजे पेण व रोहें या दोन तालुक्यांशीं, ज्यांचें नातें आहे अशा दोन विद्वान् पुरुषांचा विवाहसंस्थेच्या इतिहासाशीं निकटचा संबंध येतो. पहिले इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. पेण तालुक्यांतील वरसई हें त्यांचें जन्मस्थान. भारत इतिहास संशोधक मंडळाचे हे संस्थापक आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत विवाहसंस्थेच्या इतिहासाकडे वळले, आणि वैदिक व पौराणिक ग्रंथांच्या आधारें त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, आज आपण जिला सनातन म्हणतों ती विवाहपद्धति अनेक निरनिराळ्या अवस्थांतून उत्क्रांत होत आलेली आहे. १९२३ सालीं त्यांतील आरंभींचा भाग 'चित्रमयजगत्' मासिकांत प्रसिद्ध होतांच मोठा क्षोभ उसळला, हें वाचकांस माहीत आहेच. दुसरे चिंतामणराव देशमुख. यांचें घराणें रोह्याचें. संस्कृताचे व्यासंगी, मेघदूताचे मराठी भाषांतरकार व पुढें भारताचे अर्थमंत्री असलेल्या या गृहस्थांच्या प्रथम पत्नी रोझिना या इंग्रज होत्या. त्यांच्या निधनानंतर १९५३ च्या जानेवारींत चिंतामणरावांनीं तेलुगुभाषी दुर्गाबाईंशीं धार्मिक विधीवांचून नोंदणी पद्धतीनें विवाह केला. त्या विवाहास पंडित जवाहरलाल नेहरू साक्षीदार होते.

हे दोन दाखले आरंभीं देण्याचें कारण असें. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें समलिंगी जोडप्यांस विवाहाचा हक्क मिळावा ही मागणी अमान्य केली. परंतु मागणी अमान्य झाली म्हणून ती करणारे नाहींसे झालेले नाहींत. आणि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तिचा पुरस्कार करणाऱ्यांत ज्यांस स्वतःस या हक्काची कांहींही गरज नाहीं अशीं माणसें पुष्कळ आहेत. तीं हा पुरस्कार कां करितात? प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, हा पक्ष केवळ परदेशांतून उचललेला नाहीं. विधवाविवाह, मिश्रविवाह व नोंदणीविवाह यांच्या बाजूनें महाराष्ट्रांत दीडशें वर्षें जीं कारणें मांडलीं गेलीं, तींच येथें नव्या व्यक्तींस लावण्यांत आलीं आहेत. यास्तव या पक्षाचा विचार करण्यास उपनिषदांपर्यंत जाण्याची गरज नाहीं. दफ्तरें, कायदे व नियतकालिकें पुरेशीं आहेत.

२. प्राचीन ग्रंथांचा आधार

तथापि दोन्ही पक्षांचे लोक संस्कृत ग्रंथांकडे बोट दाखवितात, म्हणून त्यांची परीक्षा आधीं केली पाहिजे.

वात्स्यायनाच्या कामसूत्रांत सांप्रयोगिक अधिकरणाच्या नवव्या अध्यायांत कांहीं नागरक पुरुषांच्या 'परस्परपरिग्रहा'चा उल्लेख येतो. परिग्रह शब्दाचा पत्नी असा अर्थ कोशांत सांपडतो, यामुळें यास विवाहाचा पुरावा मानण्याचा मोह कित्येकांस झाला आहे. परंतु तो अध्याय विवाहाचा नव्हे. विवाहाचें विवेचन कन्यासंप्रयुक्तक नामक निराळ्या अधिकरणांत आहे. प्रकरण सोडून एका शब्दावर इमारत रचणें संशोधनाच्या रीतीस धरून होणार नाहीं. यावरून इतकेंच निष्पन्न होतें कीं, असे पुरुष त्या काळीं होते, त्यांच्या परस्परविश्वासाची ग्रंथकारास माहिती होती, व ती नमूद करण्यांत त्यास संकोच वाटला नाहीं.

उलट बाजूनें मनुस्मृति पुढें केली जाते. तिच्या अकराव्या अध्यायांत पुरुषापुरुषांतील संबंध एके ठिकाणीं जातिभ्रंशकर म्हटला आहे, तर त्याच अध्यायांत पुढें त्यास सचैल स्नान एवढेंच प्रायश्चित्त सांगितलें आहे. आठव्या अध्यायांत कन्येच्या बाबतींत स्त्रियांस सांगितलेला दंड मात्र कठोर आहे. या वचनांची एकवाक्यता करणें टीकाकारांचें काम. पण १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें ३७७ व्या कलमांत जी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा घातली, ती येथील स्मृतींतून घेतलेली नाहीं, हें उघड आहे.

या दोहोंपेक्षां अधिक उपयुक्त अशी एक जागा नारदस्मृतींत आहे, तिकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. स्त्रीपुंसयोग प्रकरणांत वराची परीक्षा सांगतांना स्मृतिकारानें चौदा प्रकारच्या षंढांची गणना केली आहे, व त्यांतील कांहीं प्रकारच्या पुरुषांशीं विवाह झालेल्या स्त्रीनें पतीचा त्याग करावा असें म्हटलें आहे. म्हणजे ज्याची प्रकृति स्त्रीसंगास अनुकूल नाहीं त्याच्या गळ्यांत एखादी मुलगी बांधणें हा त्या मुलीवर अन्याय आहे, ही जाणीव स्मृतिकारांस होती. हा मुद्दा पुढें कामास येणार आहे.

आणखी एक गोष्ट. विवाहविधि हा स्त्री व पुरुष यांच्यावांचून होऊंच शकत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु उघडून पाहावा. १७९० च्या सुमारास पंढरपुरीं सिद्ध झालेल्या या ग्रंथांत तिसऱ्या विवाहापूर्वीं रुईच्या झाडाशीं करावयाचा अर्कविवाह सांगितला आहे. वैधव्ययोग टाळण्यासाठीं मुलीचा कुंभविवाह करीत, आणि तुळशीचें लग्न तर घरोघर लागतें. हे उपचार आहेत, संसार नव्हेत, हें खरें. परंतु यावरून विधि हा मनुष्याच्या अडचणी ओळखून वांकत आला आहे, एवढें तरी दिसतें. ग्रंथांतून समलिंगी विवाहाची आज्ञा निघत नाहीं. आणि आजच्या नोंदणीच्या कायद्यास बांधून टाकील असा निषेधही निघत नाहीं.

३. दफ्तराची साक्ष

मराठेशाहीच्या महसुली कागदांत लग्नटका व पाटदाम हीं नांवें वाचकांच्या नजरेखालून अनेक वेळां गेलीं असतील. लग्नटका हा लग्नावरील कर, व पाटदाम हा विधवेच्या पुनर्विवाहावरील. ज्या काळीं ब्राह्मण शास्त्री विधवाविवाहास कलिवर्ज्य म्हणत होते, त्याच काळीं कुणबी, मराठे इत्यादि अनेक जातींत पाट किंवा मोहतूर रूढ होता आणि सरकार त्यावर कर घेत होतें. ज्या संबंधावर सरकार कर घेतें तो संबंध सरकारास ठाऊक आहे व मान्य आहे, असाच त्याचा अर्थ होतो. शास्त्रानें नाकारलेला विवाह दफ्तरानें मान्य करणें ही महाराष्ट्रांत नवी गोष्ट नाहीं. आज समलिंगी जोडपीं मागतात तेंही शास्त्र्यांचें अनुमतिपत्र नव्हे. तीं दफ्तरांतील एक नोंद मागतात.

४. विधवाविवाहापासून नोंदणीविवाहापर्यंत

१८५६ च्या पंधराव्या कायद्यानें हिंदु विधवेचा विवाह कायदेशीर ठरला. परंतु कायदा झाला म्हणून समाज बदलला नाहीं. मुंबईस विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकारानें १८६९ सालीं विधवाविवाह लागला, तेव्हां त्यांत भाग घेणारांवर बहिष्कार पडला. १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांसमोर वाद झाला. विष्णुशास्त्र्यांचा मुख्य आधार पराशरस्मृति. निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. सभेंत हरलेला हा पक्ष पुढें घरोघर जिंकला, आणि तो वचनांच्या बळावर नव्हे. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं शारदासदनांतील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं विवाह केला व मुरूड गांवानें त्यांस वाळींत टाकलें. परंतु लोकांनीं त्या उभयतांचा संसार डोळ्यांनीं पाहिला. पाहिलेल्या संसारापुढें ऐकलेलें भय टिकत नाहीं.

त्याच काळांत विवाहाच्या दुसऱ्याही भिंती पडत होत्या. १८७३ सालीं सत्यशोधक समाजानें भटजीवांचून विवाह लावला. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें नोंदणीविवाहाची वाट काढली. पण वधूवरांस आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादि कोणत्याही धर्माचे नाहीं असें लिहून द्यावें लागे. धर्म सोडल्यावांचून लग्न नाहीं, अशी ती अट होती. १९१९ सालीं कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं आपल्या संस्थानांत आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांस कायद्याचा आधार दिला. १९२३ सालीं सर हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती ती धर्मत्यागाची अट गेली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ती सर्वांसाठींच गेली. हा कायदा झाला त्या वेळीं रोह्याचे चिंतामणराव केंद्रीय मंत्रिमंडळांत होते.

या शंभर वर्षांत प्रत्येक पायरीवर आक्षेप तेच होते : धर्म बुडेल, कुटुंब मोडेल, संतति भ्रष्ट होईल, आणि हें परक्यांचें अनुकरण आहे. समर्थनही तेंच होतें : दोन जाणत्या माणसांची संमति आहे, तिऱ्हाइताचें नुकसान नाहीं, आणि संरक्षणावांचून राहिलेला जीव उघड्यावर पडतो.

५. 'समाजस्वास्थ्य' व ३७७ वें कलम

समलिंगी माणसांचा प्रश्न मराठींत कालपरवां आला असें मानणारांनीं रघुनाथ धोंडो कर्वे यांचें 'समाजस्वास्थ्य' पाहावें. १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या या मासिकांत वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें देण्याची पद्धत होती. हस्तमैथुन, समलिंगी संबंध इत्यादि विषयांवरील उत्तरांबद्दल १९३४ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिणें म्हणजे अश्लील लिहिणें नव्हे, व ज्यास शंका आहे त्यास उत्तर मिळालें पाहिजे, असा त्यांचा रोख होता. कर्व्यांस दोनशें रुपये दंड झाला.

त्या उत्तरांत समलिंगी विवाहाची मागणी नव्हती, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु प्रश्न विचारणारे मराठी वाचक होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्या पित्यानें विधवेशीं विवाह करून बहिष्कार सोसला, त्याच्याच पुत्रानें समलिंगी माणसांविषयीं शास्त्रीय उत्तर दिल्याबद्दल दंड भरला. प्रस्तुत विषयाची पूर्वपीठिका याहून जवळची दुसरी सांपडणें कठीण आहे.

पुढचा इतिहास थोडक्यांत असा. विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. त्याची नायिका स्त्रीवर प्रेम करणारी आहे. १९९० सालीं मुंबईस अशोक राव कवी यांनीं 'बॉम्बे दोस्त' हें नियतकालिक काढलें व १९९४ सालीं हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. २००२ सालीं पुण्यास बिंदुमाधव खिरे यांनीं समपथिक ट्रस्ट स्थापन केला. दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ सालीं ३७७ व्या कलमाची धार काढली, सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ती परत लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें तें कलम रद्द ठरविलें. गुन्हा गेला. राहिला प्रश्न नात्याचा.

६. पुरस्कर्त्यांचीं कारणें

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समलिंगी विवाहास अनुकूल असलेल्या लोकांचीं कारणें मुख्यतः चार दिसतात.

पहिलें कारण व्यवहाराचें. विवाह हा एका बाजूनें संस्कार, तर दुसऱ्या बाजूनें हक्कांचा गठ्ठा आहे. वारसा, कुटुंबनिवृत्तिवेतन, दत्तक, रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरील सही, मृत्यूनंतर देह ताब्यांत घेण्याचा अधिकार, हें सर्व नात्यावरून ठरतें. वीस वर्षें एका चुलीवर जेवलेला सोबती यांतील बहुतेक गोष्टींस पात्र नसतो, आणि वीस वर्षें तोंड न पाहिलेला चुलतभाऊ वारस म्हणून दारांत उभा राहतो. २०२४ सालीं केंद्र सरकारनें शिधापत्रिकेवर अशा जोडप्यास एक कुटुंब धरावें, व संयुक्त बँकखातें आणि नामनिर्देशन यांस आडकाठी नाहीं, असें कळविलें. ही सवलत लहान नाहीं; परंतु नामनिर्देशित म्हणजे वारस नव्हे, हें कज्जे पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

दुसरें कारण न्यायाचें. संविधानाच्या १४ व्या, १५ व्या व २१ व्या अनुच्छेदांनीं समता, भेदभावाचा निषेध व जीवित-स्वातंत्र्य यांची हमी दिली आहे. १९५४ च्या कायद्यानें जात व धर्म या दोन भिंती काढल्यावर तिसरी कां ठेवावी, असें हे लोक विचारतात. त्यांची मागणी मुख्यतः याच कायद्याबद्दल होती; कोणत्याही धर्माचा विवाहविधि बदलावा, असा आग्रह न्यायालयांत धरला गेला नाहीं.

तिसरें कारण फसव्या लग्नाचें, व तें आमच्या मतें सर्वांत वजनदार आहे. लोकलज्जेस्तव अशा मुलाचें लग्न एखाद्या अजाण मुलीशीं, किंवा अशा मुलीचें लग्न एखाद्या अजाण मुलाशीं लावून दिलें जातें. यांत दोन जन्म वाया जातात, आणि दुसऱ्याचा तर कांहींच अपराध नसतो. ज्या बापास आपली मुलगी अशा घरांत पडूं नये असें वाटतें, त्यानें त्या घरांतील मुलास मनाजोगा सोबती उजळ माथ्यानें मिळूं द्यावा, हें सरळ आहे. नारदस्मृतींतील वरपरीक्षेचा हेतु हाच होता.

चौथें कारण परिचयाचें. माणसें तत्त्वावरून क्वचित् बदलतात. आपल्या माणसावरून बदलतात. 'स्वीकार' या नांवानें अशा मुलांच्या आईबापांची संघटना उभी राहिली, व २०२३ च्या एप्रिलांत तींतील चारशेंहून अधिक पालकांनीं आपल्या हयातींत मुलांच्या संसारास कायद्याची मान्यता मिळावी अशी सरन्यायाधीशांस विनंति केली. आपल्या पश्चात् मुलाचें कोण, ही काळजी ज्या आईस लागते ती कोणत्याही चळवळीची अनुयायी नसते. परदेशांतही हेंच घडलें. मालवण तालुक्यांतील वराड गांवचें मूळ असलेल्या मराठी वैद्याचे पुत्र लिओ वराडकर यांनीं २०१५ च्या जानेवारींत, आयर्लंडचे मंत्री असतां, आपण समलिंगी असल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं २२ मे रोजीं तेथील जनतेनें शेंकडा ६२ मतांनीं समलिंगी विवाहास कौल दिला. वराडकर २०१७ सालीं पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरांत वराडास आले तेव्हां गांवानें त्यांचें कौतुकानें स्वागत केलें. कोंकणांतल्या गांवास आपला माणूस ओळखतां आला, हें नमूद करण्याजोगें आहे.

७. आक्षेपांचा विचार

विवाह प्रजेसाठीं आहे, हा पहिला आक्षेप. परंतु कोणत्याही नोंदणी-अधिकाऱ्यानें आजवर वधूवरांस प्रजेची हमी मागितलेली नाहीं, आणि साठीच्या वधूवरांचें लग्न कोणी अवैध ठरविलेलें नाहीं. हें शहरांतल्या मूठभर उच्चभ्रूंचें वेड आहे, हा दुसरा. केंद्र सरकारनें २०२३ सालीं न्यायालयांत याच आशयाचें म्हणणें मांडलें. त्यास 'समाजस्वास्थ्य' व वर सांगितलेले आईबाप हें उत्तर आहे. शिवाय १८६९ सालच्या विधवाविवाहाचे पुरस्कर्तेही शहरांतलेच व मूठभरच होते.

तिसरा आक्षेप मात्र आदरानें घेतला पाहिजे : हा बदल न्यायालयानें नव्हे, विधिमंडळानें करावा. २०२३ च्या निर्णयांत पांचही न्यायमूर्तींनीं असें ठरविलें कीं विवाह हा संविधानानें दिलेला मूलभूत हक्क नाहीं व १९५४ चा कायदा न्यायालयास नव्यानें लिहितां येत नाहीं. समलिंगी जोडप्यांच्या नात्यास विवाहाखेरीज अन्य मान्यता द्यावी, या मुद्द्यावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ति कौल हे दोघे अल्पमतांत राहिले. पुनर्विलोकनाचे अर्जही ९ जानेवारी २०२५ रोजीं फेटाळले गेले. इतिहास पाहतां १८५६, १८७२, १९२३ व १९५४ हे चारही बदल कायदेमंडळांतूनच झाले, हें मान्य केलें पाहिजे. पण कायदेमंडळ आपण होऊन हालत नाहीं. आधीं लोकमत हालावें लागतें. त्या खटल्यांत केंद्रानें राज्यांचें मत विचारलें तेव्हां राजस्थान, आंध्र व आसाम यांनीं विरोध कळविला. महाराष्ट्र सरकारनें विचारास अधिक अवधि मागितला. विधवाविवाहाचा वाद ज्या प्रांतांत झाला त्या प्रांतास अवधि मागण्याचा अधिकार आहे. परंतु त्या अवधींत त्यानें विचार केला पाहिजे.

८. उपसंहार

एवढ्या विवेचनाचा निष्कर्ष असा कीं, समलिंगी विवाहाचे पुरस्कर्ते विवाहसंस्था मोडावयास निघालेले नाहींत. ती मोलाची वाटते म्हणूनच तिच्या छायेंत आणखी कांहीं माणसांस जागा मिळावी असें ते म्हणतात. वरसईच्या इतिहासाचार्यांनीं समलिंगी विवाहाविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं, व त्यांच्या नांवावर तें मत घालणें अप्रामाणिक होईल. परंतु विवाहाचें रूप बदलत आलें आहे हा त्यांचा सिद्धान्त ज्यास पटला, त्यास बदल आजच थांबला असें म्हणण्यास आधार सांपडणार नाहीं.

अखेरीस संग्राहकांस एक विनंति. जुन्या घरांच्या माळ्यांवर, दप्तरांत व ट्रंकांत दोन मित्रांचीं किंवा दोन मैत्रिणींचीं जन्मभराचीं पत्रें सांपडतात. घरचे लोक तीं लाजेनें जाळून टाकतात. 'समाजस्वास्थ्या'चे अंक रद्दींत जातात. कृपा करून असे कागद जाळूं देऊं नयेत. ज्यांचे वंशज हयात आहेत त्यांचीं नांवें त्यांच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नयेत. पण कागद, त्यांवरील मिति व स्थळ यांसह, नीट बांधून एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावे. अशीं माणसें आपल्यांत कधींच नव्हतीं, असें उद्यां कोणी न्यायालयांत किंवा विधिमंडळांत म्हणूं लागला, तर त्यास उत्तर देण्यास मतें उपयोगी पडणार नाहींत. अस्सल कागद लागतील, आणि ते राखणें आपल्या हातीं आहे.